निळ्या फितीचा ड्यूक

माझ्या खालच्या मजल्यावर ८४ वर्षांच्या एक बाई राहतात. मी त्यांना मादाम म्हणते. अकरा वर्षांच्या शेजारानंतरही आम्ही एकमेकींना 'तुम्ही'च म्हणतो. फ्रान्सच्या ल्यों शहरातला शेजारधर्म असाच जरा हात राखून असतो. दर गुरुवारी त्यांची औषधं आणून द्यायची आणि त्यांच्याकडे कॉफी प्यायची, एवढंच आमचं देणंघेणं. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात कॉफीबरोबर बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे आला. मी झाकण काढलं तर आत बिस्किटं नव्हती. जुन्या लेसचा तुकडा होता आणि त्यात गुंडाळलेला एक माणूस.

गोल तसबीर, आपल्या पुरणपोळीच्या डब्यातल्या वेलदोड्याच्या डबीएवढी. नंतर मोजली तेव्हा व्यास ५८ मिलिमीटर भरला. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची चौकट, वर फुगीर काच, आत लाल कोटातला पस्तिशीचा पुरुष. केसांना पावडर, कानांवर एकेक वळी, मागे काळ्या रिबिनीत बांधलेली शेंडी. ओठ मिटलेले, पण आता हसेल असे. कोटाच्या डाव्या बाजूला काजाला लटकवलेली इवलीशी निळी फीत आणि तिच्या टोकाला पांढरा ठिपका. मागच्या कागदावर जांभळ्या शाईत दोन शब्द: 'आमचे ड्यूक'.

मादामच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच सांगितलं गेलं. फ्रान्सच्या राजाचा सर्वांत मोठा मान म्हणजे सेंट-एस्प्री, पवित्र आत्म्याचा सन्मान. तिसऱ्या हेन्रीने तो १५७८ मध्ये सुरू केला. त्याचा पट्टा आकाशी निळा, म्हणून त्या मानकऱ्यांना 'कॉर्दों ब्लू' म्हणजे निळा पट्टा म्हणत. (तेच शब्द पुढे चांगल्या स्वयंपाकिणीला लागले, आणि आपल्याकडे तर हॉटेलच्या मेनूकार्डावर कोंबडीला.) निळी फीत म्हणजे कॉर्दों ब्लू, कॉर्दों ब्लू म्हणजे ड्यूक. हिशेब पक्का. मादामच्या नातवाला तसबिरीचा विमा उतरवायचा होता आणि त्यासाठी कोणता ड्यूक ते हवं होतं. माझे बाबा पुण्यात मोडी वाचतात, हे मी कधीतरी मादामना सांगितलं होतं. त्यावरून जुन्या वस्तूंतलं मला कळतं असा त्यांनी ग्रह करून घेतला होता.

मला काही कळत नव्हतं, आणि पहिले तीन आठवडे मी ते सिद्ध करत बसले. फोनवर फोटो काढायचा, नेटवर टाकायचा आणि अठराव्या शतकातल्या ड्यूकांची नाकं जुळवायची, असा माझा उद्योग. लांब नाक, पावडर लावलेले केस आणि दुहेरी हनुवटी हे त्या काळातल्या निम्म्या फ्रेंच पुरुषांचं वर्णन आहे. चार वेळा 'हाच तो' म्हणून मी रात्री अंथरुणात उठून बसले. चारही वेळा वेगळा माणूस. एका लिलाववाल्या कंपनीला फोटो पाठवला, तर दुसऱ्या दिवशी दीड ओळीचं उत्तर आलं: फ्रेंच शैली, अधिकारी, साधारण १७८०. ड्यूकचा उल्लेखही नाही. मादामना ते मी सांगितलंच नाही.

मग बाबांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "चेहरा कशाला बघतेस? चेहऱ्यावर हात ठेव आणि बाकीचं बघ. शिंद्यांचा माणूस की होळकरांचा, हे आपण नाकावरून ओळखतो का? पगडीवरून ओळखतो." थोडं थांबून म्हणाले, "आणि १७७७ मध्ये नाना फडणविसांकडे आला होता तो फ्रेंच वकील सेंट ल्यूबिन नाही ना हा? असला तर त्याला सांग, इथे अजून त्याच्या थापा आठवतात." बाबांचा विनोद बाजूला ठेवला तरी पगडीचं म्हणणं खरं होतं.

तेव्हापासून मी पोस्टकार्डाला भोक पाडून चेहरा झाकून ठेवू लागले. उत्तरेकडच्या खिडकीत, ढगाळ दिवशी, मॅक्रो भिंग लावून बाकीच्या भागाचे साठेक फोटो काढले. काच फुगीर असल्यामुळे प्रत्येक फोटोत माझंच बोट चमकत होतं. शेवटी काळा स्वेटर घालून, कॅमेऱ्याभोवती काळा कागद गुंडाळून जमलं. काच पुसायला ओलं फडकं घेतलं होतं आणि देवाच्या दयेने फोन वाजला म्हणून ठेवलं. नंतर कळलं की या तसबिरी हस्तिदंताच्या मिलिमीटरहूनही पातळ चकतीवर गोंद मिसळलेल्या जलरंगात काढतात. काचेच्या फटीतून थेंब आत उतरला असता तर माझ्या शेजारधर्माचा तिथेच अंत झाला असता.

हस्तिदंताची ही रीत व्हेनिसच्या रोझाल्बा कार्येरा या चित्रकर्तीने १७०० च्या सुमारास रूढ केली. त्याआधी चामड्याच्या पातळ पापुद्र्यावर काढत. हस्तिदंतातून उजेड आरपार झिरपतो, म्हणून चेहरा पातळ रंगाच्या बारीक ठिपक्यांनी काढायचा आणि खालचा दंतच कातडी म्हणून वापरायचा. कोटाला मात्र जाड, अपारदर्शक रंग. आमच्या माणसाच्या कोटाचा लाल अगदी ताजा होता, गाल मात्र आजाऱ्यासारखे. त्याचंही कारण तेच: कोटाचा हिंगूळ टिकतो, गालांवरचा किरमिजी रंग उजेडाने उडतो. दोनशे वर्षं कुणीतरी त्याला उजेडात ठेवलं होतं. म्हणजे तो सदैव डब्यात नव्हता, कुणाच्या तरी टेबलावर होता. हे मला फार आवडलं.

पांढऱ्या ठिपक्याकडे वळू. चित्रात तो जेमतेम दोन मिलिमीटर. मोठा करून पाहिला तर चार टोकांचा पांढरा क्रॉस, बेचक्यांत पिवळे ठिपके, मध्यभागी लाल. आणि फीत रुंद पट्ट्याचं चित्र नव्हे, खरोखरच काजात अडकवलेली छोटी फीत. सेंट-एस्प्रीचा पट्टा खांद्यावरून कमरेपर्यंत येतो आणि छातीवर चांदीचा मोठा तारा असतो. त्याचे मानकरी एका वेळी शंभर. त्यांच्यापैकी कुणी स्वतःची तसबीर काढून घेताना तो मान काजात लपवेल, हे शक्य नाही.

काजात लटकवायचा क्रॉस म्हणजे सेंट-लुई. चौदाव्या लुईने १६९३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी काढलेला. बरीच वर्षं नोकरी केलेल्या कॅथलिक अधिकाऱ्याला तो मिळायचा. आकार तंतोतंत जुळत होता. पण सेंट-लुईची फीत विस्तवासारखी लाल. आमची निळी. मी दोन दिवस स्वतःची समजूत घालत होते की लाल उडून निळी झाली असेल. लाल उडून फिकट होतो, निळा होत नाही.

उत्तर सोपं होतं, मला माहीत नव्हतं इतकंच. फ्रान्सच्या सैन्यात परदेशी पलटणी होत्या, आणि स्विस व जर्मन पलटणींत प्रोटेस्टंट अधिकारी होते. त्यांना कॅथलिक संताच्या नावाची शपथ घेता येईना, म्हणून सेंट-लुई देता येईना. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने त्यांच्यासाठी वेगळा सन्मान काढला: लष्करी गुणवत्तेचा. क्रॉस जवळजवळ तसाच, मध्ये संताच्या जागी उभी तलवार, आणि फीत गडद निळी.

म्हणजे आमचा ड्यूक प्रोटेस्टंट होता.

आता पुढची गाठ चटकन सुटली. फ्रेंच पायदळाचा कोट पांढरा. जर्मन पलटणींचा निळा. लाल कोट स्विसांचा आणि आयरिशांचा. आयरिश पलटणी तेव्हा तीन, डिलन, बेरिक आणि वॉल्श. त्यांतले लोक कॅथलिक असल्यामुळेच देश सोडून आलेले. त्यांच्या छातीवर निळी फीत येणार नाही. राहिले स्विस. त्यांच्या पायदळी पलटणी अकरा, शिवाय राजाचे स्विस गार्ड. त्यातही कॅथलिक प्रांतांतल्या पलटणी वेगळ्या, बर्न-झुरिकसारख्या प्रोटेस्टंट प्रांतांतल्या वेगळ्या. कॉलरीचा आणि बाह्यांच्या उलट्या पट्टीचा रंग पाहून त्यातली एकच उरली. त्या पलटणीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते कळलं तर पुढचं नाव शोधायला एक दुपार पुरेल, आणि त्या आडनावाची माणसं आज नांदती आहेत.

बटणावर पलटणीचा क्रमांक असतो असं वाचून मी बटणांचे वीस फोटो काढले होते. चित्रकाराने बटण म्हणून एक करडा ठिपका आणि त्यावर एक पांढरा ठिपका दिला होता. बरोबरच आहे. त्याला चेहऱ्याचे पैसे मिळत होते.

याच सुमारास मादामनी तसबीर उघडायला परवानगी दिली. अट एक: त्या स्वतः हजर राहणार. शहरातल्या एका जतनकाराकडे आम्ही टॅक्सीने गेलो; मादामनी डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता, जसं बायका लग्नात नवरीचे दागिने धरतात. जतनकार तरुण, अबोल. काम सुरू करण्याआधी त्याने आमच्यासमोर हातांतली अंगठी काढून ठेवली. चौकटीची कड पात्याने अगदी सावकाश उचकटली. काच आणि हस्तिदंत यांच्या कडा बैलाच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्याने एकमेकांना चिकटवलेल्या होत्या, धूळ-दमट आत जाऊ नये म्हणून. तो पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा फाटला. जांभळ्या शाईचा कागद आधीच अलग झाला होता. त्याकडे बघून जतनकार म्हणाला, "ही शाई १८५६ नंतरची." त्या साली पर्किन या इंग्रज मुलाने पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला, त्याआधी असली शाई नव्हतीच. 'आमचे ड्यूक' लिहिणाऱ्याने हा माणूस पाहिलेला असणं शक्य नव्हतं. मादाम काही बोलल्या नाहीत.

हस्तिदंताच्या मागे चेहऱ्याच्या जागी चांदीच्या वर्खाचा तुकडा होता, गालांना आतून उजेड मिळावा म्हणून. मिठाईवरच्या वर्खाची आठवण होऊन मला उगीच भूक लागली. वर्खाच्या मागे, सगळं घट्ट बसावं म्हणून भरलेला, गोल कातरलेला खेळण्याचा पत्ता. गुलाम. इस्पिकचा. कमरेखालचा भागच उरला होता: पट्टेदार मोजे, एक पाय पुढे, आणि भाल्याचा दांडा. आजच्या पत्त्यांवर गुलामाला पाय नसतात, खालीवर दोन डोकी असतात. फ्रान्समध्ये ती पद्धत एकोणिसाव्या शतकात आली. १७९३ मध्ये तर क्रांतिकारकांनी पत्त्यांतले राजा, राणी आणि गुलाम सगळेच काढून टाकून त्यांच्या जागी प्रतिभा, स्वातंत्र्य आणि समता आणून बसवल्या. आमच्या गुलामाला पाय होते.

त्या काळच्या फ्रेंच पत्त्यांची पाठ कोरी असायची. त्यामुळे लोक जुन्या पत्त्यांवर चिठ्ठ्या लिहीत, हिशेब लिहीत. १७९१ मध्ये जप्त केलेल्या ग्रंथालयांची सूचीही सरकारने पत्त्यांच्या पाठीवरच करायला सांगितली. जतनकाराने चिमट्याने पत्ता उलटला. तपकिरी शाईत दोन ओळी, दोन्ही कात्रीने अर्ध्या कापलेल्या. खालची ओळ: 'मंगळवारी द्यायची'. वरच्या ओळीत एका आडनावाची शेवटची चार अक्षरं.

चित्रकाराने स्वतःसाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी. त्याला काय ठाऊक, त्याच्या कात्रीतून ती चार अक्षरं वाचणार आहेत.

आणि चौकटीच्या कडेखाली, लाल कोटाच्या अगदी कोपऱ्यात, इतकी वर्षं झाकलेलं साल: १७८५. सहीचं फक्त शेवटचं वळण उरलं होतं, त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं.

त्या रात्री मी झोपले नाही. 'एता मिलितेर द फ्रान्स' नावाची सैन्याची यादी दरवर्षी छापली जायची. पलटणीवार अधिकाऱ्यांची नावं, हुद्दे. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तिचे खंड नेटवर ठेवले आहेत. १७८५ चा खंड, ती पलटण, कप्तानांची यादी. त्या चार अक्षरांत संपणारं आडनाव होतं. दोनदा होतं. एकापुढे 'थोरला', दुसऱ्यापुढे 'धाकटा'.

दोघांतला आमचा कोणता, हे शोधायला मला व्हँसेनला जावं लागलं. पॅरिसला लागूनच असलेल्या त्या किल्ल्यात सैन्याचं ऐतिहासिक दप्तर आहे. कागद आधी मागवून ठेवावे लागतात, आणि मागवल्यावरही रुमालातून, म्हणजे कागदांच्या बासनातून, कुठला काळ निघेल सांगता येत नाही. पहिल्या फेरीत मी भलत्याच पलटणीचे दोन रुमाल चाळले, कारण कर्नल बदलला की स्विस पलटणीचं नाव बदलायचं, आणि मी नव्या नावाने मागितलं होतं. आपल्याकडे सरदाराच्या नावाने पथक ओळखलं जाई, तसंच. हे आधीच सुचायला हवं होतं. दुसऱ्या फेरीत नोंद मिळाली. थोरल्याला निळ्या फितीचा मान १७८३ मध्ये. धाकट्याला १७८८ मध्ये.

ल्योंला परतताना गाडीत मी पेढे वाटायच्या तयारीत होते. तसबीर १७८५ ची, क्रॉस आहे, म्हणजे थोरला. मिटलं.

जतनकाराला फोन केला. तो म्हणाला, "क्रॉस आधीपासून असेल तर." मान नंतर मिळाला की लोक जुन्या तसबिरीवर तो रंगवून घेत, हे तर नेहमीचंच. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्याने दाखवलं. कोटावरच्या प्रत्येक बटणाला खाली उजवीकडे बारीक सावली आहे. क्रॉसला सावली नाही. बटणांवरचा चमकता ठिपका डावीकडे, क्रॉसवरचा अगदी मध्यात. क्रॉसच्या पांढऱ्या रंगाखालून काजाचे टाके पुढे गेलेले दिसतात, पण त्याला फारसा अर्थ नाही, कारण कुठलाही चित्रकार आधी कोट काढेल आणि मग वर मानचिन्ह. अतिनील दिव्याखाली पाहिलं. एकोणिसाव्या शतकातला जस्ताचा पांढरा असता तर हिरवट-पिवळा चमकला असता. चमकला नाही. म्हणजे क्रॉस जुनाच, शिश्याच्या पांढऱ्यातला. पण १७८५ चा की १७८८ चा, तो दिवा कसा सांगणार?

हे सगळं उलटं करून पाहा. क्रॉस नंतर जोडला असेल, तर तसबीर काढली तेव्हा त्या माणसाकडे तो नव्हता. थोरल्याकडे १७८३ पासून होता. मग हा धाकटा. एका सावलीवर दोन भावांचा निकाल!

मी जतनकाराला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तो म्हणाला, "क्रॉस वेगळ्या हाताचा वाटतो. पण मी लिहून देणार नाही." त्याने दिलेल्या कागदावर एवढंच आहे: स्विस पलटणीतला कप्तान, १७८५, दोन भावांपैकी एक. मला आधी राग आला. आता तो कागद मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सचोटीचा कागद वाटतो.

मादामना सांगायचं माझ्यावर आलं. गुरुवार होता. ड्यूक नाही, कप्तान आहे, हे त्यांनी सहज ऐकून घेतलं; जांभळ्या शाईच्या दिवशीच त्यांना कळून चुकलं होतं. प्रोटेस्टंट म्हटल्यावर मात्र त्यांचा कप बशीत जरा जोरात टेकला. त्यांच्या घरात दोन नन आणि एक धर्मगुरू होऊन गेले आहेत. त्या काळी कॅथलिक-प्रोटेस्टंट लग्न फ्रान्समध्ये कायद्याने होऊच शकत नव्हतं, प्रोटेस्टंटांची आपसातली लग्नंसुद्धा १७८७ च्या फर्मानानंतर नोंदली जाऊ लागली. मी विचारलं, स्वित्झर्लंडचं कुणी घरात होतं का? "माझी पणजी लोझानची," त्या म्हणाल्या. "ती इथे कॉन्व्हेंटमध्ये शिकायला आली होती." मग उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत.

येताना हातात काळ्या कातड्याचं छोटं पुस्तक होतं. पणजीचं प्रार्थनापुस्तक म्हणून त्यांनी ते आयुष्यभर कपाटात जपलेलं, कधी न उघडलेलं. मी उघडलं. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, प्रार्थना नव्हत्या. फ्रेंचमधली दाविदाची स्तोत्रं, प्रत्येकावर सुरावटीच्या खुणा, सगळ्या सभेने मिळून गायची अशी. कॅल्व्हिनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, देवळात गातात तसलं.

मादामनी ते माझ्या हातून घेतलं आणि मिटलं. "कॉन्व्हेंट," त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

नातवाने विम्याचा विचार सोडून दिला आहे. विकायचं म्हटलं तर हस्तिदंतामुळे युरोपात आता जुनेपणाचा दाखला लागतो, आणि मादाम म्हणतात माझ्या हयातीत तो अर्ज कुणी करायचा नाही. तसबीर पुन्हा नीट बंद झाली आहे. इस्पिकचा गुलाम वेगळ्या पाकिटात, कारण जतनकाराच्या मते तो आम्लधर्मी आहे आणि पुन्हा आत भरण्यात अर्थ नाही.

मागच्या गुरुवारी डब्यात एक नवीन चिठ्ठी दिसली. मादामच्या थरथरत्या अक्षरात, पेन्सिलीने: 'धाकटा'. मी म्हटलं, मादाम, ते पक्कं नाही. "मी चार बहिणींतली शेवटची," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे." आणि 'आमचे ड्यूक'चा जांभळा कागद त्याच डब्यात होता, लेसखाली, घडी घालून. मी त्याकडे बघतेय हे पाहून त्यांनी झाकण लावलं आणि बिस्किटांची खरी ताटली पुढे सरकवली.